शाळेची वेळ आणि भूकंपाची वेळ

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली. गणेशविसर्जनाचा शीण अंगावर घेऊन गावे झोपी गेली होती. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे तोपर्यंत तालुक्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नव्हती. उजाडता उजाडता ती साऱ्या देशाच्या तोंडी झाली. त्या पहाटे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे मान ६.२ इतके होते. एवढ्या मानाचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची वार्ताही होत नाही. मग येथेच एवढा संहार का व्हावा, या प्रश्नाचा ऊहापोह तेव्हापासून पुष्कळ झालेला आहे. परंतु त्या घटनेतील एका गोष्टीकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे घड्याळातील वेळ.

पहाटे चारच्या सुमारास शाळेत कोणीही नसते. त्या भागातील शाळांच्या इमारतीही कोठे पडल्या, कोठे तडकल्या. परंतु त्यांच्या छताखाली त्या क्षणी एकही वर्ग भरलेला नव्हता. मुले दगावली ती आपापल्या घरी, आईबापांच्या कुशीत. हाच धक्का सात तास उशिरा, अकराच्या ठोक्याला बसता, तर शेतात गेलेली मोठी माणसे पुष्कळ अंशी वाचली असती आणि मुले वर्गात सापडली असती. हा विचार मनास नकोसा वाटतो, हे खरे. तथापि नकोशा विचाराकडे पाठ फिरवल्याने तो खोटा ठरत नाही. महाराष्ट्रातील दुसरा मोठा भूकंप कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. तोही पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. आपल्या शाळांच्या इमारती भूकंपाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, असे कोणी समजत असेल तर तो भ्रम होय; त्या परीक्षेस अद्याप बसलेल्याच नाहीत.

इतरत्र ही परीक्षा झालेली आहे, आणि तिचे निकाल वाचताना मन विषण्ण होते. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी पावणेनऊच्या पुढे काश्मीरमध्ये, विशेषतः पाकिस्तानच्या ताब्यातील भागात, भूकंप झाला. शाळा नुकत्याच भरल्या होत्या. त्यांत दगावलेल्या मुलांची संख्या सतरा हजारांच्या घरात सांगितली जाते. १२ मे २००८ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात दुपारी अडीचच्या सुमारास धक्का बसला. तेथील सरकारने मृत व बेपत्ता विद्यार्थ्यांचा जो आकडा जाहीर केला तो ५,३३५ आहे. कच्छचा भूकंप २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. प्रजासत्ताक दिनाची सुटी असल्याने वर्ग भरले नव्हते. तरीही अंजार येथे अरुंद गल्लीतून निघालेल्या मुलांच्या फेरीवर दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि १८५ मुले व २० शिक्षक गाडले गेले.

या साऱ्यांहून निराळी अशी एक हकीकत अमेरिकेतील आहे. १० मार्च १९३३ रोजी, शुक्रवारी सायंकाळी सहा वाजण्याच्या थोडे आधी, कॅलिफोर्नियातील लाँग बीच या गावी भूकंप झाला. त्यात सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या आणि शंभराहून अधिक शाळांची मोठी हानी झाली. मुले दोन-तीन तासांपूर्वीच घरी गेली होती. तेथील लोकांनी देवाचे आभार मानले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. एका महिन्याच्या आत त्यांनी फील्ड कायदा नावाचा कायदा संमत करून घेतला. सार्वजनिक शाळेचा नकाशा स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासला गेल्यावाचून आणि बांधकाम चालू असताना त्यावर देखरेख झाल्यावाचून ती इमारत उभी करता येऊ नये, अशी तजवीज त्यात आहे. त्या कायद्याप्रमाणे बांधलेली एकही शाळा पुढील भूकंपांत कोसळलेली नाही. वेळेने जीवदान दिले ही कृपा खरी. परंतु तिला इशारा समजून कामाला लागणे, हा माणसाचा भाग होय.

मराठवाड्याला असा इशारा किती वेळा मिळाला? किल्लारीस १९९३ च्या आधी एक वर्ष, १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर, लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर निजले आणि मग सवयीने पुन्हा घरात निजू लागले. २००६-०७ च्या सुमारास खुद्द नांदेड शहराखालून गडगडाट ऐकू येऊन बारीक हादरे बसू लागले, तेव्हा हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. अलीकडे, २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ मानाचा भूकंप झाला. नांदेड व परभणी येथे तो चांगलाच जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला त्याच टापूत पुन्हा तितकाच धक्का बसला, आणि त्या वेळी घड्याळात सकाळचे ७ वाजून १४ मिनिटे झाली होती. सकाळच्या सत्राच्या शाळा भरण्याची हीच वेळ. प्राणहानी झाली नाही. परंतु भूकंप रात्रीच होतो अशी जी समजूत दोन मोठ्या भूकंपांनी नकळत करून दिली होती, तिला काही आधार नाही, एवढे त्या दोन सकाळींनी दाखवून दिले.

आता किल्लारीची घरे का पडली, ते पाहू. कारण शाळेच्या भिंतीचे शास्त्र त्यातच आहे. मराठवाड्यातील जुन्या घराची भिंत दगडाची, आणि दोन-तीन फूट, कित्येकदा त्याहूनही जाड. बाहेरून पाहणारास ती गढीसारखी भक्कम वाटे. परंतु ती भिंत खरोखर एक नसून दोन असत. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व माती. दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड गवंड्याने घातलेलेच नसत. दर्जा चुन्याच्या वा सिमेंटच्या नव्हेत, चिखलाच्या. अशा भिंतीवर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून हा थर घालीत, व दर सालच्या पावसापूर्वी त्यात आणखी भर पडे.

या मातीचे वजन किती होते, ते गणिताने काढणे सोपे आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती असेल तर ती दीडशे घनफूट झाली. एका घनफुटास शेहेचाळीस किलो धरले तरी एकूण वजन सुमारे सात टन भरते. तेवढ्याच खोलीवरील पत्र्याचे वजन, तुळया सोडल्या तर, पन्नास-साठ किलोंपलीकडे जात नाही. एरवी हे सात टन खाली दाबत असतात आणि भिंत ते वजन मुकाट्याने पेलते. भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. चालती एसटी एकाएकी थांबली म्हणजे उभे उतारू पुढे फेकले जातात, तसे छत जागच्या जागी राहू पाहते आणि भिंतीचा पाया त्याच्या खालून सरकतो. वजन जितके अधिक तितका हा आडवा ओढा अधिक. चिखलाच्या दर्जांना वजन पेलण्याची सवय. आडवी ओढ सोसण्याचे बळ त्यांच्यात नाही. दोन थर एकमेकांपासून फुगून सुटले, दगड आत व बाहेर ढासळले, आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. दगडाने जितके मारले तितकेच मातीनेही श्वास कोंडून मारले. थंडावा मिळावा म्हणून वाढविलेले वजन अखेर जिवावर उठले.

यावर उपाय काय? दगडाचे घर बांधूच नये, असा धसका त्या वेळी अनेकांनी घेतला आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. वास्तविक दगडाचा यात दोष नाही. दोष आहे बांधणीचा अभाव हा. बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घ्यावे. आरे, तुंबा आणि पाटे हे सारे सुटे लाकूड. परंतु लोहार वरून लोखंडी धाव तापवून चढवतो, ती थंड होऊन आवळते, आणि मग ते चाक खाचखळग्यांतून वर्षानुवर्षे धावते. भिंतींनाही अशीच धाव लागते. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींभोवती फिरवला, कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्या आणि दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवले, म्हणजे चार भिंती एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. भारतीय मानक संस्थेच्या ४३२६ क्रमांकाच्या मानकात या पट्ट्यांचा सविस्तर विचार आहे. इमारतीच्या एकंदर खर्चात या पट्ट्यांचा वाटा लहानच असतो. भूकंपानंतर जी बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, तेथील घरांत आणि जुन्या जागी दुरुस्त झालेल्या असंख्य घरांत हेच तत्त्व वापरण्यात आले.

नकाशांचीही एक गोष्ट येथे सांगावयास हवी. देशाचे भूकंपाच्या दृष्टीने जे विभाग पाडलेले होते, त्यांत किल्लारीचा टापू १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार म्हणजे अचल कातळ, अशी समजूत विद्वानांचीही होती. २००२ साली मानक १८९३ ची सुधारणा झाली, तेव्हा पहिला विभाग नाहीसा करण्यात आला आणि किल्लारीचा टापू तिसऱ्या विभागात दाखल झाला. त्याच मानकाने शाळांना साध्या घरांहून दीडपट महत्त्व दिले; म्हणजे शाळेची इमारत दीडपट अधिक आडवे बळ सोसण्यास समर्थ असावी, असे ठरविले. याचा अर्थ उघड आहे. २००२ पूर्वी बांधलेल्या पुष्कळ शाळा ज्या नकाशावर विसंबून उभ्या राहिल्या तो नकाशा आता रद्द झालेला आहे. त्या सर्वच धोक्याच्या आहेत असे नाही. परंतु त्यांची पाहणी जाणकार अभियंत्याकडून झाल्यावाचून त्या सुरक्षित आहेत, असेही म्हणता येत नाही.

धोका केवळ जुन्या इमारतींपुरताही नाही. लातूर आणि नांदेड ही दोन शहरे आज शिक्षणाची मोठी केंद्रे आहेत. हैदराबाद संस्थानातून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, त्या वेळी येथे उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचे. आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालचे. दोन पिढ्यांच्या या तपश्चर्येतून जे उभे राहिले त्याची ख्याती आता राज्यभर आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरची मुले येथे येतात, वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि दिवसाचे बारा-चौदा तास निरनिराळ्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर घालवतात. त्यामुळे शाळेची सुरक्षितता म्हणजे केवळ शाळेची, ही व्याख्या आता अपुरी पडते. मूल जेथे शिकते, जेथे निजते आणि जेथे जेवते, त्या प्रत्येक छताचा विचार करावा लागतो.

अशा इमारतींत दोन उणिवा वारंवार आढळतात. पहिली अशी की तळमजल्यावर दुकाने वा वाहने ठेवण्याची जागा असते, म्हणून तेथे भिंती नसतात, केवळ खांब असतात. आणि वर मात्र भिंतींनी भरलेले चार मजले. पाय कृश आणि धड अवजड अशी ही रचना. २००१ साली अहमदाबादेस, भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर असूनही, अशा तऱ्हेच्या बहुमजली इमारती कोसळल्या. दुसरी उणीव जिन्याची. एकच अरुंद जिना, त्यावर पादत्राणांचे ढीग आणि जुने सामान, खिडक्यांना न उघडणारे गज, आणि रात्री शिस्तीसाठी बाहेरून लावलेले कुलूप. भूकंप क्वचित येतो. आग मात्र केव्हाही लागते. २४ मे २०१९ रोजी सुरतेस एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी आगीत दगावले. खाली उतरण्याची वाट बंद झाल्याने कित्येकांनी वरून उड्या घेतल्या. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपरास लागून ९४ बालके जळाली.

कुंभकोणमच्या त्या दुर्घटनेवरून सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण चालले, त्यात २००९ साली न्यायालयाने स्पष्ट केले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शिकवणी वर्गांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये जी तत्त्वे राज्यांकडे पाठविली त्यांत दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा आणि अग्निसुरक्षेची पूर्तता या गोष्टी आहेत. म्हणजे नियमांची वाण नाही. तरीही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेची इमारत सकाळी कोसळून सात मुले मरण पावली. तेथे भूकंपही नव्हता आणि आगही नव्हती. होते ते केवळ जीर्ण बांधकाम. नियम कागदावर असतो. त्याचे रूपांतर सवयीत झाल्यावाचून तो मुलाच्या कामी येत नाही.

आणि सवय कशी लावावी, हे लातूरला कोणी शिकवावे असे मुळीच नाही. ज्यास सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखतो, त्याचे मर्म तरी दुसरे काय आहे? अभ्यासक्रम वेळेपूर्वी संपवावयाचा, त्यावर पुनःपुन्हा चाचण्या घ्यावयाच्या, चुकलेले उत्तर कोठे व का चुकले ते विद्यार्थ्यास दाखवावयाचे, आणि प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी नवे असे काहीच उरू द्यावयाचे नाही. या सरावाच्या बळावर दुष्काळी भागातील, साध्या घरची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली. सरावाने भीती जाते आणि हात आपोआप चालू लागतो, हे तत्त्व ज्या गावाने सिद्ध करून दाखविले, त्याने तेच तत्त्व जीव वाचविण्याच्या विद्येस लावावे, एवढीच अपेक्षा आहे.

ही विद्या अवघड नाही. भूकंपात जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी येतात. पहिली वेगवान, सेकंदास सुमारे सहा किलोमीटर धावणारी, आणि बहुधा सौम्य. दुसरी मागून येणारी, साडेतीन किलोमीटर वेगाची, आणि नासधूस करणारी. केंद्र चाळीस किलोमीटर दूर असेल तर दोहोंमध्ये सुमारे पाच सेकंदांचे अंतर पडते. पाच सेकंदांत दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येत नाही, आणि हादरत्या जिन्यावर धावणारी गर्दी एकमेकांस तुडवते. परंतु पाच सेकंदांत बाकाखाली शिरून, डोके व मान हातांनी झाकून, बाकाचा पाय घट्ट धरता येतो. हादरे थांबले की मग रांगेने, न बोलता, न ढकलता, ठरलेल्या मार्गाने मोकळ्या पटांगणात जावयाचे आणि तेथे शिक्षकाने हजेरी घ्यावयाची. पूर्वी शाळांत कवायतीचा तास असे. ही त्यातलीच एक कवायत. मात्र ती वर्षातून एकदा, पाहुण्यांसमोर, छायाचित्रासाठी होऊन भागत नाही. महिन्यातून एकदा, कधी पहिल्या तासाला, कधी मधल्या सुटीत, कधी परीक्षा चालू असताना, आगाऊ न सांगता ती झाली पाहिजे. वसतिगृहात ती रात्रीही झाली पाहिजे. कारण किल्लारी आणि कोयना या दोन्ही वेळा रात्र सरली नव्हती. जुन्या माळवदाच्या घरात मात्र नियम निराळा. दार दोन पावलांवर असेल तर तत्काळ उघड्यावर जावे. आणि मुख्य म्हणजे तशा इमारतीत वर्ग भरवूच नये.

येथे शिक्षणपद्धतीचा एक विरोधाभास नजरेस येतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकरण आलेले आहे. विद्यार्थी ते वाचतो, भूकंपाच्या वेळी कोणती दक्षता घ्यावी या प्रश्नाचे उत्तर मुद्देसूद लिहितो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याच विद्यार्थ्यास विचारावे की तुझ्या शाळेतून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, अग्निशामक नळकांडे कोठे टांगले आहे, वर्गातील पुस्तकांचे कपाट भिंतीस जखडलेले आहे काय, तर तो गोंधळतो. जडत्वाचा नियम त्याला पाठ असतो; परंतु आपल्या डोक्यावरील छताला तो लागू आहे, हे त्याच्या ध्यानी आलेले नसते. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. जे गुणपत्रिकेत उतरत नाही ते शिकविण्याची उमेद शाळेस राहिलेली नाही, आणि जे शाळा शिकवीत नाही त्याची चौकशी पालक करीत नाहीत. वास्तविक हेच प्रकरण वर्गाबाहेर नेऊन शिकविता येईल. मुलांनी वहीत शाळेचा नकाशा काढावा, दारे आतल्या बाजूस उघडतात की बाहेरच्या हे नोंदवावे, भिंतींतील भेगांची रुंदी पट्टीने मोजून तारीखवार लिहावी. वर्षअखेर ती वही मुख्याध्यापकांच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पडली तर विज्ञानाचा धडाही झाला आणि इमारतीची पाहणीही झाली.

पालकांचे कर्तव्य याहून वेगळे नाही. शहरातील सुशिक्षित गृहस्थ मुलास लातूरला वा नांदेडला पाठविताना कोणत्या वर्गातून किती मुले वैद्यकीयला गेली, हे बारकाईने विचारतो. त्याच बैठकीत आणखी पाच प्रश्न विचारावयास काहीच हरकत नाही. इमारतीचा नकाशा किती मजल्यांसाठी मंजूर झाला आणि आज मजले किती आहेत? जिने किती, आणि ते मोकळे आहेत काय? खिडक्यांचे गज आतून उघडतात काय? रात्री दारास कुलूप असते, तर किल्ली कोणाजवळ असते? आणि बाहेर पडण्याची कवायत मागे कोणत्या तारखेस झाली? या प्रश्नांची उत्तरे देताना जो संचालक अडखळतो तो मनाने वाईट असेलच असे नाही. त्याला हे प्रश्न यापूर्वी कोणी विचारलेच नसतील. दहा पालकांनी ते विचारले की अकराव्याच्या आत जिना साफ होतो. बाजारपेठेचा हा नियम परीक्षेच्या निकालास लागू पडतो, तसा सुरक्षिततेसही लागू पडतो.

मुलांच्या सुरक्षिततेस इतरही अंगे आहेत. त्यांच्याशी दुर्वर्तन होऊ नये, अभ्यासाच्या ओझ्याने त्यांचे मन खचू नये, या गोष्टी भिंतींइतक्याच महत्त्वाच्या असून स्वतंत्र विवेचनास पात्र आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मूल शाळेच्या दारातून आत शिरते तेव्हा घराने ते एका संस्थेच्या स्वाधीन केलेले असते, आणि ते संध्याकाळी जसेच्या तसे परत मिळावे एवढे गृहीत धरलेले असते. शिक्षणाचे बाकीचे सारे हेतू या गृहीतावर उभे आहेत.

१९९३ साली ज्यांनी किल्लारीच्या परिसरात शाळेत जावयाचे तेवढे बाकी राखले होते, ती तान्ही मुले आज तिशी ओलांडून स्वतःची मुले शाळेत धाडीत आहेत. त्यांच्या मुलांच्या वर्गाभोवती काँक्रीटचा पट्टा आहे किंवा नाही, हे दहा मिनिटांच्या पाहणीत जाणकारास पुष्कळ अंशी सांगता येते. नसेल तर तो बाहेरून बसविण्याच्या पद्धतीही आता ठाऊक आहेत. किल्लारीनंतर हजारो घरांत त्या वापरून झालेल्या आहेत. पुढचा धक्का कोणत्या तारखेस व किती वाजता बसेल, हे आजचे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. म्हणून शाळेची प्रत्येक वेळ ही भूकंपाचीही वेळ असू शकते असे समजून, येत्या सुटीत आपल्या गावातील एका तरी शाळेची पाहणी अभियंत्याकडून करवून घ्यावी, आणि शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात पहिली कवायत व्हावी. एवढे झाले, तरी त्या पहाटेच्या वेळेने जो इशारा दिला होता तो वाया गेला नाही, असे म्हणता येईल.